उसनं बोट

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. रक्तातली साखर मोजणं हा माझा धर्म, आणि उभ्या आयुष्यात मी एकही खोटा आकडा दाखवलेला नाही. फक्त ते रक्त कोणाचं, हे मला दाखवता येत नाही. एवढी बाब सोडली तर माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायला हरकत नाही.

मधुमेहावरच्या एका नव्या गोळीचं संशोधन चाललं होतं. संशोधन केंद्राने मला नवा कोरा असताना एका आजोबांच्या घरी धाडलं. आजोबा वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. हयातभर दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस! असं घर मिळालं म्हणून मी धन्य झालो.

काम सोपं होतं. रोज सकाळी उपाशीपोटी त्यांनी बोट टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, आकडा मी लक्षात ठेवायचा. पहिल्या सकाळी आजोबांनी सुई पाहिली आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

"अगं, जरा तुझं बोट दे."

"माझं कशाला? साखर तुम्हाला आहे," आजी म्हणाल्या.

"तू शिवणकाम करतेस. तुला टोचून घ्यायची सवय आहे."

"सवय सुईची आहे हो, तुमच्या थेरांची नाही," असं म्हणत त्यांनी बोट पुढे केलं. मग ते रोजचंच झालं.

आकडे उत्तम येत. केंद्रातल्या डॉक्टरीणबाई खूश. "आजोबा, तुम्ही आमचे आदर्श रुग्ण!" केंद्राच्या भिंतीवर आजोबांचा फोटो लागला. माझंही कौतुक झालं.

पुढे आकडे चढू लागले. आजी दिवसभर पाणी पिऊ लागल्या, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाका मारू लागल्या. मला जेवढं ठळक दाखवता येतं तेवढं मी दाखवत होतो. केंद्राने ते वाचलं आणि तातडीने डोस वाढवला. आजोबांचा. गोळ्या मात्र ते प्रामाणिकपणे स्वतःच घेत होते.

एके सकाळी शर्टाची बटणं लावता लावता ते कोसळले. साखर पार तळाला गेली होती. आजींनी मला पिशवीत टाकलं आणि त्यांना केंद्रात नेलं; तिथे सलाईनमधून ग्लुकोज दिल्यावर डोळे उघडले. डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेतलं.

"यात तर सकाळची साखर भरपूर दिसतेय! आजोबा, बोट तुमचंच टोचलं होतं ना?"

मी जीव मुठीत धरून वाट पाहिली. आजोबांनी आधी आजींकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे.

"म्हणजे काय! मशीनच बिघडलंय. जन्म गेला मापं तपासण्यात. खोटं माप मला वासावरून कळतं."

डॉक्टरीणबाईंनी मला 'सदोष' ठरवलं आणि नवं मशीन दिलं. वाटेत आजी पुटपुटल्या, "त्या बिचाऱ्यावर कशाला ढकललंत?"

"अगं, त्याला काय वाटायचंय?"

मित्रांनो, वाटलं. ज्याने आयुष्यभर खोटी मापं पकडली, त्यानेच खऱ्याला खोटं ठरवलं. आजींनी मला टाकून न देता शिवणाच्या डब्यात ठेवलं, रिळांच्या शेजारी. सेल काढून. आता मला काही दाखवता येत नाही. तुम्हाला एकच विनंती. मशीनला नावं ठेवण्याआधी एकदा बोट कोणाचं ते बघा.

आजोबा त्या धक्क्याने सुधारले. ते आता रोज स्वतःचंच बोट टोचतात. आजींचं कोणी टोचत नाही.