मास्तरांचा हात

गल्लीच्या टोकाच्या त्या हॉलवर पाटी हॅकरस्पेसची होती, म्हणजे कुणीही यावं आणि तिथली हत्यारं वापरून हवं ते बनवावं, पण येणारेजाणारे त्याला वर्कशॉपच म्हणत. तिथले मास्तर म्हणजे आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. "चुकलं तर चुकू दे, पण स्वतःच्या हातानं करा," हे त्यांचं पालुपद. शिकवताना ते स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभे राहत. लोकांना त्याचं कोण कौतुक!

कपडे शिवणाऱ्या मावशी तीन आठवडे एक डबी बनवत होत्या. त्यांच्या थोरल्या बहिणीला ऐकू येईनासं झालं होतं. दाराचं बटण दाबलं की तिच्या खोलीत दिवा लागावा, एवढंच. शेवटची तार शुक्रवारी जोडून झाली, पण मावशींनी डबी चालवून पाहिली नाही. पहिलं बटण ताईच दाबणार, असा त्यांचा हट्ट. तारांचे जोड वितळत्या धातूने पक्के करायचं सोल्डरिंग मात्र दिव्य होतं. कुठे गोळे, कुठे शेपट्या.

शनिवारी सगळ्यांनी आपापलं काम दाखवायचं होतं. मावशी बहिणीला आणायला गेल्या आणि डबी टेबलावर राहिली. मास्तरांचे हात शिवशिवले. चारचौघांत बाईंची फजिती नको, असं मनाशी म्हणत त्यांनी सगळे जोड उखडून नव्याने केले. खरं सांगायचं तर, आपल्या हाताखाली असलं गबाळं काम झालं हे लोकांना दिसायला नको होतं.

दुपारी ताईंनी बटण दाबलं. दिवा लागला, टाळ्या पडल्या. मावशींना आकाश ठेंगणं झालं.

"आता आतलं बघा. हसायचं नाही हं कुणी!" म्हणत त्यांनी झाकण काढलं.

आत सगळं एकसारखं, चकचकीत. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला दुसऱ्याचा हात ओळखायला किती वेळ लागणार? त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे तू केलंस?" ताई मोठ्याने विचारत होत्या. "अगं, तू केलंस?"

मावशींनी नकारार्थी मान हलवली आणि मास्तरांकडे बोट दाखवलं. ताईंनी मास्तरांना हात जोडले. ते जोडलेले हात बघवेनात, म्हणून मास्तरांनी मान खाली घातली.

मग मावशी जवळ आल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"माझं चालतच नव्हतं का हो, मास्तर?"

मास्तरांना हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. जोड उखडण्याआधी त्यांनी एकदाही बटण दाबून पाहिलं नव्हतं.