पेद्रा मान्साची तपकिरी जर्सी

रविवारी सकाळी सव्वासातला जुसारा उल्काच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर पोचली, तेव्हा तिच्या अंगात एक जुनी तपकिरी जर्सी होती आणि काखेत लॅपटॉप. ती आणि उल्का युनिव्हर्सिटीच्या एकाच लॅबमध्ये पोस्टडॉक. जुसाराच्या घरमालकिणीला सकाळी आरडाओरडा खपत नसे, म्हणून उल्कानंच तिला मॅच बघायला घरी बोलावलं होतं. तिकडे दक्षिण ब्राझीलमध्ये अजून शनिवारची रात्र होती आणि जुसाराच्या गावचा क्लब, पेद्रा मान्सा, राज्याच्या फुटबॉल लीगच्या पहिल्या श्रेणीत जाण्यासाठी खेळणार होता. बरोबरी चालणार नव्हती. जिंकायलाच हवं होतं.

उल्काची रूममेट ऋचा डोळे चोळत बाहेर आली. तिचा ऑफिसातला मित्र सारंग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चोआ चू कांगहून येताना हॉकर सेंटरमधल्या टपरीवरचा, पराठ्यासारखा रोटी प्राटा घेऊन आला होता. चौघं लॅपटॉपसमोर दाटीवाटीनं बसली.

संघ मैदानात उतरला आणि गॅलरीतल्या हजारो लोकांनी एकदम चिमटीत नाक धरलं. जुसारानंही धरलं.

"हे काय? नाकं का दाबतायत?" सारंगनं इंग्रजीत विचारलं.

"आमचा सलाम आहे तो," जुसारा म्हणाली, आणि मॅच सुरू झाली तरी तिचं सांगणं थांबेना. तिच्या गावात नदीकाठी कातडी कमावायचे कारखाने होते. १९२९ साली तिथले कामगार टेकडीवरच्या श्रीमंतांच्या क्लबात खेळायला गेले, तर दारातच त्यांना सांगितलं, आंघोळ करून या. ते आंघोळ करून गेले. मग उत्तर मिळालं, तुमचा वास काही जात नाही. तेव्हा कातडी वाळत घालायच्या पटांगणात त्यांनी आपला क्लब काढला. बायकांनी पिठाच्या पोत्यांच्या जर्सी शिवल्या आणि कातड्याच्याच हौदात, झाडाच्या सालीच्या पाण्यात बुडवून रंगवल्या. म्हणून हा रंग. जिथे खेळायला जातील तिथे लोक नाकं दाबत. पंचवीस वर्षांनी त्यांनी टेकडीवाल्यांना अंतिम सामन्यात हरवलं आणि त्या दिवशी कामगारांच्या सगळ्या गॅलरीनं स्वतःचीच नाकं दाबली.

"माझे पणजोबा गोलकीपर होते," जुसारा म्हणाली. "नंतर दोनदा जर्सी निळी करायचा ठराव आला. दोन्ही वेळा सभासदांनी पाडला."

सारंगला गोष्ट मनापासून आवडली होती. तो ऋचाकडे वळून मराठीत हसत म्हणाला, "म्हणजे चांभारांची टीम म्हण की!"

ऋचाही हसली. उल्काच्या हातातला प्राट्याचा तुकडा हातातच राहिला. पुण्यात हॉस्टेलवर राहायला आल्यापासून तिचं एक वाक्य पाठ झालेलं होतं: वडील लेदर गुड्सच्या बिझनेसमध्ये आहेत. वाक्य खोटं नव्हतं. पण ते म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे, आणि ती ते म्हणायची तेवढ्याचसाठी. ऋचालाही तेवढंच ठाऊक होतं.

"हो," उल्का म्हणाली. "चांभारांचीच. आणि मीही चांभाराचीच मुलगी. माझे वडील कोल्हापूरला चपला शिवतात. आजोबाही शिवायचे."

सारंगचा चेहरा उतरला. "सॉरी उल्का, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसं म्हणजे कसं? बरोबरच बोललास की. हसलास ते मात्र चुकलं."

तो खाली बघत म्हणाला, "चुकलंच."

"काय झालं?" जुसारानं विचारलं. उल्कानं सांगितलं. तशी जुसारा मॅच सोडून तिच्याकडे वळली. "दोन वर्षं माझ्या शेजारी बसतेस आणि हे आज सांगतेस? तुमच्याकडे कातडं कशात कमावतात?"

"शेजारच्या गल्लीत कमावतात. बाभळीची साल आणि हिरडा."

"बाभूळ म्हणजे अकेशिया? अगं, आमची काळी अकेशिया! तीच साल!"

जुसारानं तिला कडकडून मिठी मारली आणि नेमका तेव्हाच पेद्रा मान्सावर गोल झाला.

उत्तरार्धात त्यांनी बरोबरी साधली. मग वेळ सरत चालली. शेवटची दोन मिनिटं उरली असताना कॉर्नर मिळाला, आणि संघातल्या सगळ्यात बुटक्या बचावपटूनं कुठून उडी मारली कोण जाणे, त्याच्या डोक्याला लागून चेंडू जाळ्यात गेला. जुसारा किंचाळली, उल्का किंचाळली, सारंग सोफ्यावर चढला. शेजारच्या काकूंनी भिंतीवर थापा मारल्या. शिट्टी झाल्यावर जुसारा जर्सीत तोंड खुपसून रडत होती.

उल्कानं फोन उचलला. इथल्यापेक्षा अडीच तास मागे असलेल्या कोल्हापुरात सात वाजायला आले होते.

"काय गं, एवढ्या सकाळी? बरी हाईस न्हवं?" तिच्या वडिलांनी, आबांनी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं, फोन स्पीकरवर ठेवून, सगळ्यांसमोर. कारखाने, आंघोळ, पोत्यांच्या जर्सी, आताचा गोल.

"जर्सीचा रंग बदलला न्हाई म्हंतीस?"

"शंभर वर्षं होत आली, नाही बदलला."

"झ्याक केलं," आबा म्हणाले. मग, "कातडं किती दिस मुरवत्यात, इचार तिला."

जुसाराला ते माहीत नव्हतं. कारखान्यात काम करणाऱ्या मामाला विचारून सांगते म्हणाली. आबा खळखळून हसले. "बरं, ऱ्हाऊ दे. तिच्या पायाचं माप पाठव. एक जोड करतो पोरीला."

उल्कानं प्रिंटरमधला कागद काढला, फरशीवर ठेवला आणि जुसाराचा उजवा पाय त्यावर घेतला. सारंगनं न सांगता कागदाचं टोक दाबून धरलं.

"पेन्सिल उभी धर," फोनमधून आबा सांगत होते. "आडवी झाली की माप चुकतंय."

"माहिती आहे आबा," उल्का म्हणाली आणि टाचेकडून रेघ ओढायला लागली. "सात वर्षांची असल्यापासून मापं घेतेय मी."