रकाना अकरा

पाहून ठरवू नये. विचारावे. एकदाच विचारावे. उत्तर मिळेल तसे लिहावे. स्वतःची नोंद स्वतः करू नये.

सरकारी दवाखान्याच्या नोंदणीखिडकीत, काचेच्या आतल्या बाजूला हा कागद डकवला होता. महिनाभर बघून बघून खिडकीताईला तो तोंडपाठ झाला होता. त्याआधी सतरा वर्षं ती न विचारताच सगळं भरत आली होती. माणूस समोर आला की एक नजर, चार कळा, चला पुढचा. वय अंदाजाने. शिक्षण चपलांवरून. आणि रकाना अकरा, घरात बोलली जाणारी भाषा, त्याला तर ती हातच लावायची नाही. मोकळा सोडला की संगणक आपला आपणच यादीतली पहिली भाषा भरून टाकायचा. केवढी सोय!

त्या सोयीनेच घात केला. कागदोपत्री डोंगराकडची बोली बोलणारं इथे कुणी उरलंच नव्हतं. मग दुभाषी कशाला हवी? मुख्य कार्यालयाचं पत्र आलं: महिनाभर नव्या पद्धतीने विचारा. त्या बोलीची तीस माणसं भरली तर दुभाषीची जागा राहील. नाही तर एक तारखेपासून बंद.

आज महिन्याचा शेवटचा दिवस. सकाळी दहा वाजता सव्वीस.

रकाना चार.

"आजोबा, स्त्री, पुरुष की इतर?"

"मी गुडघा दाखवायला आलोय. तू आधी डोळे दाखवून घे!"

रांग खो खो हसली. खिडकीताईलाही हसू आलं असतं, पण हा विनोद या महिन्यातला पन्नासावा होता, आणि तीन आठवडे तिचं डोकं ठणकत होतं.

रकाना सात. "दुखतोय गुडघा, आणि विचारतेस शिक्षण! लिही काहीही."

रकाना अकरा. "घरात कोणती भाषा बोलता?"

"घरात बोलतंय कोण? सून बोलत नाही, मुलगा ऐकत नाही."

"तरी, आजोबा?"

आजोबांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. आत्ताच, रांगेत उभं असताना, त्यांनी स्वतःच्या गुडघ्याला डोंगराकडच्या बोलीत सणसणीत शिवी हासडली होती. तिने ती ऐकली होती.

"आपली नेहमीचीच लिही. सगळ्यांची असते ती."

पाहून ठरवू नये. ऐकूनही ठरवू नये, असंच धरायचं. तिने लिहिलं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत अठ्ठावीस.

"किती गं?" दुभाषीने डबा उघडत विचारलं. तिला सगळा दवाखाना मावशी म्हणायचा. डॉक्टरांच्या दाराशी एका स्टुलावर तिची नोकरी.

"दोन कमी."

"जाऊ दे. या स्टुलावर बसून माझी कंबर गेलीच आहे. घरी निदान टेकायला भिंत आहे."

मावशीने हे हसत म्हटलं आणि डब्याचं झाकण पुन्हा लावून टाकलं. घास एकच खाल्ला होता.

सहा महिन्यांपूर्वी खिडकीताईची स्वतःची आई डॉक्टरांसमोर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती: छातीत पाखरू अडकलंय. आई एरवी दोन्ही भाषा बोलायची. पण घाबरली की तिला एकच उरायची. डॉक्टर झोपेच्या गोळ्या लिहायला निघाले होते. खिडकीताई रांगेत गुंतलेली. मावशीच स्टुलावरून उठून आत गेली. "धडधड म्हणतायत त्या, डॉक्टर. ईसीजीची पट्टी काढा आधी." पट्टी काढली, आणि आई वाचली.

चार वाजता एकोणतीस.

सव्वाचारला आई आली, महिन्याच्या गोळ्या न्यायला. खिडकीताईने सुटकेचा निःश्वास टाकला. आता काय, घरचंच माणूस. तरी तिने नियमाने सगळं विचारलं. रांगेत मागे सातजण होते.

"घरात कोणती भाषा बोलता?"

आई ताठ उभी राहिली. एकेक शब्द घासून पुसून मांडावा तशी तिने नेहमीच्या भाषेचं नाव घेतलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग काचेजवळ वाकून हळूच म्हणाली, "बरोबर बोलले ना गं?"

सतरा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, खिडकीताईनेच तिला बजावलं होतं: दवाखान्यात आलीस तर तसली भाषा काढू नकोस, मला मान खाली घालावी लागते. घाबरून गेलेला तो एक दिवस सोडला, तर आईने तो शब्द आजवर पाळला होता.

एकदाच विचारावे.

"बरोबर बोललीस," खिडकीताई म्हणाली, आणि उत्तर मिळालं तसं लिहिलं.

आई बाकावर गोळ्यांची वाट बघत बसली. उरलेल्या सातांत एकही नाही. पाच वाजायला दहा मिनिटं. रांग संपली. खिडकीताई उठली, दारातून वळसा घालून काचेच्या बाहेर आली. रांगेच्या जागी ती सतरा वर्षांत पहिल्यांदाच उभी होती. काचेतलं भोक भलतंच खाली होतं. बोलायचं तर कमरेत वाकावं लागत होतं, आणि हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"मावशी, आत बस. माझी नोंद कर."

"तुला काय धाड भरलीय?"

"डोकं. तीन आठवडे झाले."

मावशीने एका बोटाने कळा शोधल्या. वय. शिक्षण. "चपला दाखव," म्हणाली, आणि स्वतःच हसली. मग हसू आवरून रकाना अकरावर आली. "घरात कोणती भाषा बोलता?"

खिडकीताईने मागे पाहिलं नाही.

"डोंगराकडची."

"नक्की ना? एकदाच विचारायचं असतं."

"दार लावलं की तीच. लिही."

मागून, बाकावरून, आईचा आवाज खणखणीत आला; त्याच बोलीत, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा: "तीन आठवडे डोकं दुखतंय आणि मला सांगत नाहीस? एवढी मोठी झालीस का?"

औषधवाल्याने मान वर करून पाहिलं. आई गप्प झाली नाही.

"यादीत सापडत नाही गं," मावशी म्हणाली. "खाली बाण किती वेळा दाबू?"

"दाबत राहा. अगदी शेवटी आहे."