उलटा घातलेला वारा

समुद्रावर तरंगणारा कचरा वाहत वाहत कुठे जमेल, हे वहिनी कॉम्प्युटरवर गणित मांडून सांगायची आणि नणंद बोट घेऊन तो उचलून आणायची. घरी दोघींचं पंख्याच्या वेगावरूनही वाजायचं, पण समुद्रावर नणंद डोळे मिटून वहिनीच्या ठिपक्यावर जायची. वहिनीचाही स्वतःवर भरवसा असा, की चूक नेहमी समोरच्याची असते हे तिने लग्नाआधीच ठरवून टाकलेलं.

वादळामुळे मागच्या दोन फेऱ्या वाया गेल्या होत्या. आजही जाळं रिकामं आलं, तर बोट विकून नणंदेला घरी बसवायचं, असं सफाई मोहिमेच्या साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं. आता ते वहिनीच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे होते.

वायरलेस खरखरला. “वहिनी, पोचले तुझ्या ठिपक्यावर. इथे औषधाला एक बाटली नाही गं. पूर्वेचा वारा तेवढा तोंडावर थपडा मारतोय.”

वहिनीने झटकन वाऱ्याची फाइल उघडून पाहिली. वाऱ्याला नाव पडतं तो जिथून येतो त्या दिशेचं, आणि प्रवाहाला तो जिकडे जातो त्या दिशेचं. हवामान केंद्राची फाइल यंदा नव्या पद्धतीची होती, वारा येतो ती दिशा देणारी, आणि तिने वारासुद्धा प्रवाहासारखाच भरला होता. कचरा गेला होता पश्चिमेला, नणंदेला तिने धाडलं होतं पूर्वेला.

समुद्रावर खापर फोडणं सोपं होतं. साहेबांना पत्ताही लागला नसता, पण बोट हकनाक गेली असती. तिने माइक उचलला.

“अगं, चूक माझी. वारा उलटा घातला मी. बोट पश्चिमेला वळव, नवा ठिपका देते.”

“चूक कुणाची म्हणालीस? आवाज तुटला जरा.”

“काही तुटला नाही. वळव मुकाट्याने!”

“म्हणजे आता पुन्हा अंदाज?” साहेब म्हणाले.

“अंदाज नाही, साहेब. मघाशी चुकले होते, आता नाही.”

नवा ठिपका पश्चिमेकडच्या एका बेटाच्या पाठीमागे पडला. तो कळवून वहिनी ताठ बसून राहिली. गणिताची तिला खात्री होती. भीती एकच होती, तिथे पोचेपर्यंत उजेड टिकेल का.

उन्हं कलताना वायरलेस पुन्हा खरखरला. “वहिनी, बाटल्या, थर्माकोल, कुणाकुणाच्या चपला, अख्खं गाव तरंगतंय इथे! जाळं इतकं भरलंय की वर ओढवेना. साहेबांना म्हणावं, दुसरी बोट पाठवा.”

वहिनीने माइक साहेबांच्या हातात दिला.

“कधी पाठवताय, ते तुम्हीच सांगा तिला.”