उंच पलंगाखालची पायरी

मी एक पायरी बोलतेय. जिन्यातली नव्हे. दवाखान्यातल्या उंच पलंगावर चढताना पेशंटच्या पायाखाली सरकवतात ना, ती लोखंडी, चार पायांची, वर काळं खडबडीत रबर लावलेली. कधी ना कधी तुम्हीही माझ्यावर उभे राहिला असाल. आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. आजारी माणसाचं लक्ष डॉक्टरच्या चेहऱ्याकडे असतं, पायाखाली कोण आहे ते तो कशाला बघेल?

माझा जन्म दवाखान्याच्याच मागच्या वर्कशॉपमधला. वेल्डरकाकांनी एका मोडक्या खाटेचे पाय कापून मला घडवलं. एक पाय किंचित आखूड राहिला, तेव्हा त्यांनी खाली रबराचं बूच ठोकलं आणि म्हणाले, "जा गं बाई, आता डुलू नकोस." तेव्हापासून मी कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीचे पेशंट येतात त्या विभागात, नांदतेय.

नांदणं म्हटलं की पडेल ते काम आलंच. माझ्यावर चढून लोकांनी दिवे बदलले, घड्याळाची किल्ली फिरवली, मला दारात अडकवून वाऱ्याला वाट करून दिली. वॉर्डातले मामा माझ्यावर बसून चहा पितात आणि कप माझ्याच अंगावर उपडा ठेवतात. घाईत असलेला प्रत्येक डॉक्टर मला लाथ मारून बाजूला करतो आणि वर म्हणतो, "ही कोणी ठेवली मध्ये?" जशी काही मीच चालत आले होते!

आमचा पलंग फार उंच. का, तर मोठे सर उंच. मोठे सर म्हणजे शिकाऊ डॉक्टरांना तातडीचे उपचार शिकवणारे आमचे मुख्य. कंबरदुखीने बेजार, पट्टा बांधून फिरतात. त्यांना वाकायला नको म्हणून माझ्या जन्माआधीच कधीतरी पलंग त्यांच्या कमरेएवढा केला म्हणे, आणि तो तसाच राहिला. मग सगळ्या जगाने त्या उंचीला पुरायचं. जो पुरत नाही त्याच्यासाठी मी होतेच.

अशात एक वर्षी नव्या शिकाऊ डॉक्टरांची तुकडी आली आणि तिच्यात ती होती. एवढीशी. तिचा पांढरा कोट गुडघ्याच्या खाली. थोरल्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी तिला आपादमस्तक न्याहाळलं (त्याला फार वेळ लागला नाही) आणि म्हणाल्या, "या, चिमणी डॉक्टर." झालं, तेच नाव पडलं. तिनेही ते हसून घेतलं. पलंगावर निजवलेल्या पेशंटच्या छातीपर्यंत हात पोचेना, तशी तिने खाली वाकून बघितलं, मला पायाने ओढलं आणि वर चढली. चढण्याआधी तिने चपलेखालचा चिखल फडक्याला पुसला. माझ्या उभ्या आयुष्यात असं कुणी केलं नव्हतं. मी तिथेच विरघळले म्हणा ना.

शिकाऊ डॉक्टरांचा मोठा सराव म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू ठेवणं. त्यासाठी पलंगावर एक रबरी बाहुला झोपवतात. छाती पुरेशी खोल दाबली गेली की त्याच्या खांद्यावर हिरवा दिवा लागतो. माझ्यावर उभी असली की चिमणी दिव्याची रांगोळी घालायची, इतका तो सारखा लागायचा. पण एक दिवस सरांनी मला पायानेच पलंगाखाली ढकललं.

"हिची सवय लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "वर्षअखेरच्या चाचणीत पायरी मिळणार नाही. उद्या रस्त्यात कुणी कोसळलं तर ही काखेत मारून नेणार आहेस का?"

जमिनीवरून चिमणीने दाबायला घेतलं. टाचा उचलल्या, खांदे कानाला भिडले, तरी दिवा काही लागेना.

"कोपर! कोपर वाकतंय!" सर ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, हुशार आहेस तू. पण हे काम अंगमेहनतीचं आहे. चाचणी जमली नाही तर तुला दुसरा विभाग बघून देऊ. त्यात काही कमीपणा नाही."

त्यात कमीपणा नाही असं माणसं म्हणतात तेव्हा समोरच्याचं तोंड बघावं. सर वाईट नव्हते हो. ज्या मुलाची आई आजारी असेल त्याला हाताला धरून शिकवायचे, स्वतःच्या डब्यातलं पोरांना द्यायचे. फक्त जन्मभर त्यांना कशावर चढावं लागलं नव्हतं.

त्या दुपारी सगळे जेवायला गेल्यावर चिमणी माझ्यावर बसली आणि आईला फोन लावला. "आई, मला बहुतेक उंचीवर नापास करणार आहेत."

आईचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. "वा गं वा! तुझे आजोबा केवढे उंच होते. बोट कापलेलं बघून चक्कर येऊन पडायचे. त्यांना कुणी का नाही डॉक्टर केलं?"

चिमणी हसली आणि हसता हसता रडली. तिला हेच काम हवं होतं. दार ढकलून घाबरंघुबरं माणूस आत आलं की तिचे डोळे कसे लख्ख व्हायचे ते मी खालून बघितलंय. मला तिचा लळा लागला होता आणि तिच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात, म्हणजे पायात, काहीच नव्हतं.

चाचणी तोंडावर आली असताना एका दुपारी शिवणमावशी आल्या. हातमशीनवर लोकांचे कपडे उसवून-शिवून देणाऱ्या या बाई. लहानपणीच्या आजाराने एक पाय लाकडासारखा ताठ, दुसरा अधू, काखेत कुबडी आणि अंग भारदस्त. छातीखाली जळजळतं म्हणून त्या आधीही येऊन गेल्या होत्या. प्रत्येक वेळी त्यांना खुर्चीतच तपासलं आणि पित्ताच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची तर झोपवायला हवं, आणि पलंगावर चढवणार कोण? त्यात मावशी स्वतःच म्हणायच्या, "राहू द्या हो, बसूनच बघा. कशाला सगळ्यांना ताप?" ताप नको म्हणणाऱ्याचं म्हणणं सगळे पटकन ऐकतात.

चिमणीने त्यांचा घामेजलेला चेहरा बघितला. "मावशी, आज पट्टी काढायचीच," ती म्हणाली आणि मोठ्या दिमाखात मला त्यांच्यासमोर आणून ठेवलं. अडलेल्याला पायरी दिली की काम झालं, असं तिला वाटलं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

मावशी माझ्याकडे बघून हसल्या. "बाई माझे, हिच्यावर चढता आलं असतं तर मी आत्तापर्यंत डोंगर चढून आले असते."

"थोडा प्रयत्न करा ना, मी धरते."

मावशींनी बिचारीचं मन राखायला कुबडी टेकली, अधू पाय कसाबसा माझ्यावर ठेवला, आणि मी डुलले. मावशी चिमणीच्या अंगावर कलंडल्या. मामा धावले म्हणून दोघी वाचल्या.

चिमणी पांढरीफटक पडली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मला पुरते म्हणून तुम्हालाही पुरेल असं धरून चालले मी." मग ती पलंगाच्या चारी बाजूंनी फिरली, खाली वाकली आणि ओरडली, "मामा, हा दांडा कसला?"

पलंगाच्या पायथ्याशी एक दांडा होता. कुणाच्या पायात येऊ नये म्हणून तो जुन्या बँडेजने बांधून ठेवलेला. तो फिरवला की पलंग खालीवर व्हायचा! मी इतकी वर्षं त्याच्या शेजारी राहिले आणि मलाही पत्ता नाही. मामांनी बँडेज फाडलं, जोर लावला, पण दांडा गंजून घट्ट बसलेला.

"हा खाली केल्याचं मला तरी आठवत नाही, डॉक्टर."

"मग आपणच खाली जाऊ," चिमणी म्हणाली.

वर उचलायला माणसं कमी होती, खाली टेकवायला तिघं पुरली. चादरीच्या झोळीतून मावशींना जमिनीवर पसरलेल्या ब्लँकेटवर निजवलं. थोरल्या सिस्टर गुडघे टेकून वायरी लावायला लागल्या. पट्टी बाहेर आली आणि चिमणीने ती झटकन डोळ्यांसमोर धरली. पित्त कसलं, हृदयविकाराचा झटका होता. औषध भरायला सिस्टर वळतात न वळतात, तोच मावशींचे डोळे फिरले. हृदय थांबलं.

चिमणी गुडघ्यांवर बसली. खांदे बरोबर हातांवर आले, हात सरळ, आणि तिने दाबायला सुरुवात केली. मी कडेला उपडी पडले होते, पण मला सगळं दिसत होतं. तिथे कुणी उंच नव्हतं की बुटकं नव्हतं. मामांनी शॉकचं मशीन ओढत आणलं. शॉक दिला. पुन्हा दाबणं. तिच्या नाकावरून घाम टपटपत होता. तेवढ्यात मोठे सर धावत आले, पट्ट्यासकट धपकन गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "थकलीस, हो बाजूला." त्यांनी दाबायला घेतलं.

"सर, कोपर," चिमणी म्हणाली. तिच्या तोंडून सहज गेलं ते.

सरांनी कोपर सरळ केलं. दुसरा शॉक बसला, आणि मशीनवर रेघ उड्या मारायला लागली. मावशी कण्हल्या. तो आवाज किती गोड होता म्हणून सांगू! थोरल्या सिस्टर, ज्यांना कधी कुणी हळवं झालेलं बघितलं नव्हतं, त्या मामांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

मावशींना आतल्या विभागात हलवल्यावर सर जमिनीवरच बसून राहिले. कमरेमुळे उठता येत नव्हतं हेही खरं. "रस्त्यात कोसळलेला माणूस जमिनीवरच असतो," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आणि मी तुला पलंगाच्या उंचीवर नापास करायला निघालो होतो."

चिमणी पुढे झाली. तिने त्यांना उठायला हात दिला.

दुसऱ्याच दिवशी वेल्डरकाका तेलाची बुधली घेऊन हजर. दांडा कुरकुरला, रुसला, शेवटी फिरला. सर पुढच्या सगळ्या शिकवणीत एक नवीन गोष्ट सांगायला लागले: पेशंटला हात लावण्याआधी बघा, तो पलंगापर्यंत पोचू शकतो का; नसेल पोचत, तर त्याच्याकडे तुम्ही जा. 'झोपवता आलं नाही' एवढं लिहून कुणाला घरी पाठवलेलं त्यांना आता खपत नाही.

चाचणीच्या दिवशी सरांनी एकेकाला तोच प्रश्न विचारला, "तुझ्यासाठी पलंग कुठे ठेवू?" सगळ्यात उंच मुलगा वर्षभर पाठ वाकवून उभा राहायचा, त्याने पलंग आणखी वर घेतला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. मग चिमणीची पाळी. सवयीने मामांनी मला पुढे आणलं.

"नको," सर म्हणाले. त्यांनी स्वतः वाकून, कण्हत, दांडा फिरवला. "एवढा?"

"अजून थोडा, सर."

"एवढा?"

"बास."

चिमणीचे दोन्ही पाय जमिनीवर होते. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. हिरवा दिवा लागला, लागला, लागतच राहिला. ती पास झाली. सगळ्यांनी तिला उचलून घेतलं आणि त्या गडबडीत तिने माझ्याकडे बघितलंही नाही. थोडं लागलं मला, खोटं कशाला बोलू? पण तिच्या तोंडावर जे हसू होतं ते मी तिला उचलून कधी देऊ शकले नव्हते.

हल्ली माझा मुक्काम भांडारात, जुन्या खुर्च्यांच्या शेजारी असतो. अंगावर धूळ आहे, रबर उलतंय. दाराच्या फटीतून कॅज्युअल्टी दिसते. परवा शिवणमावशी तपासणीला आल्या होत्या. चिमणीने दांडा फिरवला, पलंग हळूहळू खाली आला, आणि मावशी कुणाचा हात न धरता त्याच्यावर टेकल्या. "अगंबाई, बसले की मी!" त्या म्हणाल्या आणि पुन्हा उठून पुन्हा बसल्या.

तुमच्याकडे कुणी अडखळत, लंगडत, धापा टाकत आलं, तर मला जरूर हाक मारा. मी येईन. पण त्याआधी एकदा पलंग खाली होतोय का ते बघा. तो खाली आला आणि माझं काम उरलं नाही, तर मला मुळीच राग येणार नाही.