टीव्हीवर बादली फुकट

आधी सगळे हसले, आणि मग हे हसले.

टीव्हीवर कुठलासा विनोदी कार्यक्रम चालला होता. माझा मुलगा चंदन हसला, सून मोना हसली, नातीने तर सोफ्यावर लोळणच घेतली. आणि आमचे हे, पंजाबराव, टीव्हीकडे बघतच नव्हते. ते नातीच्या, गुंजनच्या तोंडाकडे बघत होते. ती हसली की हे हसायचे, तिचं हसू थांबलं की यांचंही थांबायचं. मी पोळ्या लाटता लाटता स्वयंपाकघराच्या दारात आले होते, तशीच लाटणं हातात धरून उभी राहिले.

"अहो, काय म्हनला तो आत्ता?" मी जवळ जाऊन, कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"कोन?"

"टीव्हीतला. ज्याच्यावर हसले ना तुम्ही, तो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चंदनकडे पाहिलं. "मजेदार हाय बाप्पा," म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

तो टीव्ही घरात येऊन महिना झाला होता. म्हणजे महिनाभर हा माणूस रोज संध्याकाळी आमच्यासमोर नाटक करत होता, आणि आमच्यातल्या एकाही शहाण्याला पत्ता नव्हता.

पंजाबरावांनी उमेदीची सगळी वर्षं इथल्या पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये काढली, गरम रूळ कापणाऱ्या करवतीपाशी. देशाला रूळ मिळाले आणि यांचे कान गेले. कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, पण त्यात शिट्टी वाजते म्हणून ते कपाटात पडलंय. जुन्या टीव्हीशी मात्र यांचं जमलं होतं. जाड पाठीचा, चौघांनी उचलावा असा डबा, समोरच्या बाजूला दोन मोठे स्पीकर. हे त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसायचे, कान स्पीकरला लावून, आणि पंजा टीव्हीच्या डोक्यावर. हातालाही आवाज लागतो म्हणायचे. संध्याकाळच्या मराठी बातम्या अशा ऐकायचे आणि मग मला येऊन सगळ्या परत सांगायचे, जशी काही मीच बहिरी!

या हिंदी मुलखात आमच्या घरात मराठी उरलंच होतं किती? गुंजन शाळेतून हिंदी घेऊन येते, चंदन-मोनाचं अर्धं बोलणं हिंदीत. बातम्यांतलं मराठी हे यांच्या कानात पडणारं शेवटचं मराठी होतं. बाकी मी आहे म्हणा, पण मी बोलते ते त्यांना नको असतं.

त्या जुन्या टीव्हीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइल पेंटने यांचा मिलमधला नंबर लिहिलेला होता. यांच्या सगळ्याच वस्तूंवर असतो. डबा, सायकल, छत्री, एवढंच काय, माझ्या हंड्यावरसुद्धा. मिलमधली सवय. आणि दुसरी सवय अशी की वस्तू टाकायची झाली की आधी नंबर पुसायचा. निवृत्तीच्या दिवशी हेल्मेट जमा करण्याआधी अंगणात बसून रॉकेलच्या बोळ्याने घासत होते. "आपला नंबर भंगारात नाही जाऊ द्यायचा," म्हणाले. "नंबर म्हंजे मानूस."

तर जानेवारीत आम्ही दोघं गोंदियाला लग्नाला गेलो, आणि इकडे चंदनने आमच्यासाठी सरप्राइज केलं. सुपेला बाजाराच्या पुढे ते मोठं सुपरमार्केट आहे ना, तिथे सव्वीस जानेवारीचा सेल होता. तांदळाच्या पोत्यांना लागून टीव्हीची खोकी रचलेली. अर्ध्या किमतीत भिंतभर टीव्ही, जुना देऊन आणखी सूट, आणि वर एक बादली फुकट. कंपनीचं नाव बाई मी आजवर ऐकलेलं नाही आणि पुढेही कोणी ऐकणार नाही. टीव्हीला तिसऱ्या आठवड्यात मधोमध हिरवी रेघ आली. तक्रारीच्या फोनवर नुसतं गाणं वाजतं. बादली मात्र अजून शाबूत आहे.

आणि आवाज? त्याचे स्पीकर कुठे आहेत ठाऊक आहे? मागे! तोंड भिंतीकडे! आम्हाला ऐकू यायचं ते भिंतीला आपटून आलेलं. पंजाबरावांनी पहिल्या दिवशी स्टूल ओढलं, पडद्याला कान लावला, खालून लावला, बाजूने लावला. मग स्टूल उचलून परत मोरीत ठेवून आले. मला वाटलं, मोठं चित्र दुरून बघायचं असेल. डोळे फुटले होते माझे.

त्या रात्री मी चंदनला धरलं. "तुह्या बापाले काहीच ऐकू येत नाही रे त्याच्यात! महिन्याचा हासून राहिला तो तुमच्या तोंडाकडं पाहून!"

"आई, बाबांनीच तर बोलले, बढ़िया है."

"तुले वाईट वाटू नये म्हनून बोलले! आपला जुना वापस आन."

"एक्सचेंज में गया ना तो. अब कहाँ मिलेगा?"

"मी पाहतो कसा मिलत नाही तर," असं मी भांडताना पुरुषासारखं बोलते, माझे वडील बोलायचे तसं. रविवारी बाप-लेक दोघांनाही ऑटोत घातलं आणि कोहक्यातल्या घरून निघाले.

सुपरमार्केटात होळीचा सेल लागला होता. पिचकाऱ्यांच्या ढिगाला लागून तेच टीव्ही, तीच बादली. मॅनेजर पोरगेलासा, छातीवर अमरदीप नावाची पट्टी. त्याने आंटी, आंटी करत माझं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सेल का माल वापस नहीं होता. लाइन आई है तो कंपनी को फ़ोन कीजिए. और आवाज़ में तो कोई दिक्कत ही नहीं है. देखिए."

रिमोट घेऊन त्याने आमच्यासारखाच एक टीव्ही लावला आणि आवाज वाढवत नेला. पार शेवटपर्यंत. पत्र्यावर खडे ओतावेत तसा नुसता कर्कश खणखणाट. लोक वळून बघायला लागले. एका बाईने बाळाचे कान झाकले. पंजाबराव हात मागे बांधून पडद्यासमोर उभे होते.

"आ रहा है ना अंकल, आवाज़?" मॅनेजरने कानाला हात लावून विचारलं.

यांनी चंदनकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता. "आ रहा है," हे म्हणाले. "बढ़िया है."

"देखा आंटी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी यांच्या कानाशी तोंड नेलं. "काय म्हनते ती बाई टीव्हीतली? सांगा ना. सांगा सगळ्यायले!"

ते बराच वेळ त्या बाईच्या ओठांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सोन्याचा भाव वाढला म्हनते."

बिस्किटाची जाहिरात होती ती. त्यातली पोरं बिस्किटं खात होती, बाई बशी पुढे करत होती. मागे एकदोघं फिसकन हसले. हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं त्यांना, आणि सवयीने तेही हसायला लागले.

मला इतकं लागलं! वळले आणि त्या हसणाऱ्यांना धरलं. "क्या हँस रहे हो? जिस गाड़ी में बैठके ससुराल जाते हो ना, उसकी पटरी इस आदमी ने काटी है! उसमें कान गए हैं इसके!" मग मॅनेजरकडे फिरले. "और तुम! गूँगा टीव्ही बेचते हो बाल्टी लगा के! लाज वाटत नाही तुले? मले पैसे नको, नवा नको. माझा जुना दे."

बाळवाली बाई म्हणाली, "सही बोल रही हैं माताजी," आणि तिने हातातली टीव्हीच्या खरेदीची चिठ्ठी काउंटरवर परत ठेवली. मग मात्र मॅनेजरचा चेहरा उतरला.

"पीछे पड़ा है सब," तो म्हणाला. "कबाड़ी आज-कल में उठाएगा. मिल जाए तो ले जाइए."

मागच्या फाटकाशी पुठ्ठ्यांच्या ढिगाला लागून जुन्या टीव्हींची रास होती. आमचा मी लगेच ओळखला. पालथा पडला होता, पांढरा नंबर वर. मी चंदनचं मनगट दाबलं, "सापडला!" त्याने तो सरळ केला आणि तसाच थांबला. काच फुटलेली. तिथून हात घालून आतली तांब्याची तार ओरबाडून नेलेली. जिथे स्पीकर होते तिथे दोन भोकं.

"बाबा..." चंदन म्हणाला.

पंजाबराव टीव्हीच्या पाठीमागे खाली बसले, उकिडवे, मिलमध्ये बसायचे तसे. त्यांनी नंबरावरून बोट फिरवलं. मग खिशातून घराची किल्ली काढली आणि पहिला आकडा खरवडायला लागले.

"बाबा, द्या, मी करतो." चंदन शेजारी बसला. त्याचे डोळे भरले होते. "माझ्यानं चूक झाली बाबा."

त्यांना ते ऐकू आलं नाही. चंदनने हात पुढे केला तेव्हा दिसलं. त्यांनी मान हलवली. "ज्याचा नंबर त्यानंच पुसायचा असते," म्हणाले.

आत भोंग्यावर पोरगी ओरडत होती, टीव्हीवर बादली फुकट, आजचा शेवटचा दिवस. आमच्यात फक्त यांनाच ती ऐकू येत नव्हती. हे एकेक आकडा घेत होते, न चुकता, न घाई करता. शेवटचा गेला तेव्हा त्यांनी पांढरा भुगा फुंकून उडवला, राहिलंय का काही म्हणून अंगठ्याने चाचपून पाहिलं.

मग त्यांनी टीव्हीच्या डोक्यावर पंजा ठेवला, बातम्यांच्या वेळी ठेवायचे तसा.

"चाल," म्हणाले आणि उठले.