सात नंबरचं बक्षीस

बक्षिसांच्या पानावर एक चौकोन रिकामा राहिला, एवढंच निमित्त झालं. डबा, छत्री, इस्त्री अशी सहा बक्षिसं ठरली होती, सातवं काही सुचेना. छापखानेवाला फोनवर फोन करत होता. शेवटी मालकांचा मेव्हणा म्हणाला, "दाजी, 'मालकांसोबत चहा' टाकून देऊ. फुकटात जागा भरेल. तुमच्यासोबत चहा प्यायला कोण मरायला येतंय?"

लोक आले. झुंडीनं आले.

खरेदी करा, पॉइंट जमवा, बक्षीस न्या, असा कंपनीचा सरळ धंदा. आधी कंपनीशी गल्लीतला न्हावी आणि चष्मेवाला एवढेच जोडलेले होते; बघता बघता अख्खं शहर पॉइंटांचं कार्ड घेऊन फिरायला लागलं. छत्र्या गोदामात पडून, इस्त्र्यांवर बोटभर धूळ, आणि मालकांच्या पोटात दिवसभर चहा. सकाळी डोळे उघडायच्या आत घशाशी आंबट यायचं.

निवृत्त हेडमास्तर तर ठाणच मांडून होते. शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार ते दर वेळी पहिल्यापासून सांगत.

"मास्तर, हे मागच्या वेळी झालं."

"कुत्रा त्यानंतरही भुंकलाय! घरी कोण ऐकतं हो? इथे कसं, तुम्हाला उठून जाता येत नाही."

एक काकू सुनेलाच घेऊन आल्या. "आता तुम्हीच न्याय करा," म्हणाल्या. न्याय काही झाला नाही, पण मालकांशी दोघींचंही वाकडं आलं. एक गृहस्थ बसल्या बसल्या घोरायला लागले. जाताना म्हणाले, "फार बरं वाटलं. पुन्हा येईन."

"मेलो मी!" मालक मेव्हण्यावर खेकसले. "आज त्या मोठ्या दुकानांच्या बाई येतायत. त्यांची दुकानं चौकाचौकात. ती जोडली गेली आणि हे बक्षीस राहिलं, तर माझी तिरडी किटलीतूनच निघेल. सही व्हायच्या आत काढ ते!" आणि त्यांनी स्वतःच करारातल्या सातव्या बक्षिसावर लाल फुली मारली.

बाई आल्या, तेव्हा आत हेडमास्तर होते. बाईंना रांगेत बसावं लागलं. आत आल्यावर त्यांनी करार चाळला आणि त्या फुलीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"ते... चुकून छापलं होतं."

"डबे, छत्र्या माझ्याकडे ढिगानं सडतायत. बाहेर एवढी रांग कशासाठी आहे, ते बघितलं मी. मला हेच हवंय. नसेल तर येते मी."

मेव्हण्यानं टेबलाखालून मालकांचा पाय असा चेपला की अंगठा कळवळला. आलेली लक्ष्मी परत पाठवायची छाती मालकांना होईना. त्यांनी सातवं बक्षीस पुन्हा लिहिलं आणि सही केली.

"छान," बाई खुर्चीत रेलल्या. "आता चहा मागवा. माझ्या नवऱ्याबद्दल जरा बोलायचंय."

त्या गेल्या तोवर मालकांचा पार चोथा झाला होता. "संपले ना रे सगळे?"

"एकच राहिलंय, दाजी," मेव्हण्यानं दुसरीकडे बघत दार उघडलं.

बायको आत आली. टेबलावर कार्ड ठेवून समोर बसली.

"अगं, तू? घरी बोल ना!"

"घरी फुकटात सांगते, म्हणून ऐकू येत नाही तुम्हाला. मोरीचा नळ कधीपासून गळतोय?"

मालकांनी निमूटपणे किटली ओढली. "साखर किती घालू?"

"मला नको. चहा तुम्ही प्या. मी बोलते."